मोठ्यांचं जमलं तरी भीती, बिनसलं तरी भीती

आपल्याकडे हेलसिंकी म्हटलं की कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवतात, बाकी काही नाही, आणि ते बरोबरच आहे. १९५२ चं ऑलिम्पिक, कुस्तीतलं ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक मेडल. त्या गटात सुवर्ण जपानच्या इशीला मिळालं आणि रौप्य सोव्हिएत युनियनच्या मामेदबेकोव्हला. मी इथे एस्पोला राहायला आलो (हेलसिंकीला खेटून असलेलं शहर, आयटीवाल्यांनी भरलेलं, पुण्या-नाशिकची मंडळीही बरीच) तेव्हा माझ्याही डोक्यात एवढंच होतं. नंतर कळलं की खाशाबा आणि तो सोव्हिएत पैलवान एका ऑलिम्पिक व्हिलेजमध्ये राहिलेच नव्हते. सोव्हिएत युनियन त्या वर्षी पहिल्यांदाच ऑलिम्पिकला आलेलं, आणि त्यांच्या गटातल्या देशांसाठी व्हिलेजच वेगळं केलेलं, ओतानिएमीला. ओतानिएमी म्हणजे आताचा आल्टो युनिव्हर्सिटीचा कॅम्पस, आमच्याकडून मेट्रोने जाता येतं, आणि ते नाव या लेखात पुन्हा येणार आहे.

तर खेळाडूंनासुद्धा एका कुंपणात ठेवायची सोय नव्हती असा तो काळ. त्यातही गंमत अशी (गंमत म्हणायचं का ते तुम्ही ठरवा) की ऑलिम्पिक चालू असताना हेलसिंकीपासून पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर पोर्क्काला नावाच्या द्वीपकल्पावर सोव्हिएत नौदलाचा तळ होता. दुसऱ्या महायुद्धात हरल्यावर १९४४ च्या शस्त्रसंधीत फिनलंडला तो भाग पन्नास वर्षांच्या लीजवर द्यावा लागला, तिथल्या लोकांना दहा दिवसांत घरं, गोठे, सगळं सोडून निघावं लागलं. आता प्रॉब्लेम असा की हेलसिंकी ते तुर्कू ही रेल्वे नेमकी त्या भागातून जाते. मग १९४७ पासून फिनिश गाड्यांना जाऊ देत, पण हद्दीत शिरायच्या आधी डब्यांच्या खिडक्यांना बाहेरून शटर लावायचे, सोव्हिएत इंजिन जोडायचं आणि प्रवाशांनी बंद डब्यात बसायचं, पलीकडे गेल्यावर शटर काढायचे. फिनिश लोक याला जगातला सगळ्यात लांब बोगदा म्हणायचे. हे लोक एरवी फार बोलत नाहीत पण असले कोरडे विनोद त्यांना छान जमतात. १९५६ च्या जानेवारीत सोव्हिएत युनियनने तो भाग लीज संपायच्या कितीतरी आधीच परत दिला. का दिला? स्टालिन गेला होता, ख्रुश्चेव्हला पश्चिमेशी जरा बरं वागून बघायचं होतं, १९५५ मध्ये ऑस्ट्रियातूनही चार सत्तांची सैन्यं निघून गेली होती. फिनलंडने बदल्यात सोव्हिएत युनियनशी असलेला मैत्रीचा करार वीस वर्षांनी वाढवून दिला, पण मुख्यतः बदललं होतं ते मॉस्कोचं वॉशिंग्टन-लंडनशी असलेलं तापमान.

मला बरीच वर्षं या देशात काढल्यावर जे वाटतं ते इथेच सांगून टाकतो. युरोपची सुरक्षा व्यवस्था वगैरे जे आपण म्हणतो ती करारांमध्ये, जाहीरनाम्यांमध्ये, शिखर परिषदांच्या ग्रुप फोटोंमध्ये दिसते खरी, पण ती चालते दोन-तीन मोठ्यांचं आपसात कसं चाललंय त्यावर. आणि मधल्या लहान देशांना दोन्ही टोकांची भीती असते. मोठ्यांचं बिनसलं तर लढाई यांच्या अंगणात, हे सगळ्यांना समजतं. पण मोठ्यांचं फार जमलं तर यांचं अंगणच वाटून घेतलं जातं, हे आपल्या लक्षात पटकन येत नाही. गावाकडे दोन बड्या बागायतदारांच्या मध्ये ज्याचं दोन एकर असतं त्याला हे कोणी शिकवावं लागत नाही, ते दोघे भांडले की पाटाचं पाणी अडतं आणि ते दोघे पारावर एकत्र चहा प्यायला लागले की याला बांधाची काळजी सुरू होते.

फिनलंडने ही दोन्ही टोकं पाहिली आहेत म्हणून मी युरोपचं उदाहरण म्हणून फ्रान्स-जर्मनी न घेता हे घेतो.

पहिलं टोक, जमल्याचं. २३ ऑगस्ट १९३९, मॉस्कोमध्ये मोलोटोव्ह (सोव्हिएत) आणि रिबेनट्रॉप (जर्मन) या परराष्ट्रमंत्र्यांनी अनाक्रमणाच्या करारावर सह्या केल्या. जगभर बातमी झाली ती तेवढीच, पण त्यासोबत एक गुप्त पुरवणी होती आणि तिच्यात पूर्व युरोप वाटून टाकला होता, पोलंडचे दोन भाग, बाल्टिक देश असे, आणि फिनलंड सोव्हिएत बाजूला. फिनलंडला कोणी विचारलं नाही हे सांगायला नकोच. ३० नोव्हेंबरला सोव्हिएत विमानांनी हेलसिंकीवर बॉम्ब टाकले. लीग ऑफ नेशन्सने सोव्हिएत युनियनला हाकलून दिलं, म्हणजे त्या वेळच्या व्यवस्थेने तिच्या हातात होती ती सगळ्यात कडक शिक्षा दिली, आणि तरी देश म्हणून सैन्य घेऊन मदतीला कोणीही आलं नाही. स्वीडनमधून स्वयंसेवक आले, बंदुका आल्या, बस. १०५ दिवस हे लोक बर्फात लढले आणि मार्च १९४० मध्ये पूर्वेकडचा कारेलिया प्रांत सोडून तह केला. चार लाखांच्या वर माणसं घरं सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली. त्यानंतर १९४१ ते ४४ फिनलंड जर्मनीच्या बाजूने लढला, गेलेलं परत मिळवायला, आणि इथल्या लोकांना त्याबद्दल बोलताना अजूनही अवघडल्यासारखं होतं, ते मी पाहिलंय.

हरल्यावर तीस कोटी डॉलरची युद्धभरपाई, ती जहाजं, यंत्रं, केबल अशा मालाच्या रूपात द्यायची होती, आणि तिचा शेवटचा हप्ता गेला कधी, तर १९५२ च्या सप्टेंबरमध्ये, ऑलिम्पिक संपून दोन महिने होत नाहीत तोवर. म्हणजे खाशाबा ज्या देशात कुस्ती खेळले तो देश एका हाताने पाहुणचार करत होता आणि दुसऱ्या हाताने कर्ज फेडत होता, आणि तरी व्हिलेज दोन चालवली.

आता दुसरं टोक, बिनसल्याचं. १९४८ मध्ये फिनलंडने सोव्हिएत युनियनशी मैत्री आणि सहकार्याचा करार केला, त्यात अशी अट होती की जर्मनी किंवा तिच्या दोस्तांनी फिनलंडमार्गे हल्ला करायची चिन्हं दिसली तर दोघांनी मिळून लष्करी सल्लामसलत करायची. कागदावर ठीक वाटतं. पण ती चिन्हं दिसली का नाही हे ठरवणार कोण? १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, ऑक्टोबरच्या शेवटी बर्लिनच्या चेकपॉइंट चार्लीवर अमेरिकन आणि सोव्हिएत रणगाडे एकमेकांवर तोफा रोखून उभे होते, आणि त्याच्या दोनच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, मॉस्कोने फिनलंडला खलिता पाठवला की चला, सल्लामसलत करायची वेळ आली आहे. त्याच दिवशी आर्क्टिकमधल्या नोवाया झेमल्या बेटांवर त्यांनी आजवरचा सगळ्यात मोठा हायड्रोजन बॉम्ब फोडला, पन्नास मेगाटनचा. फिनलंडचे अध्यक्ष उर्हो केक्कोनेन तेव्हा अमेरिकेचा दौरा उरकून हवाईला सुट्टीवर होते. ते घाईघाईने परतले असं नाही, मुद्दामच दौरा पूर्ण केला, घाबरलो असं दिसू नये म्हणून, आणि नोव्हेंबरमध्ये नोवोसिबिर्स्कला जाऊन ख्रुश्चेव्हला भेटून ते प्रकरण मिटवलं. मिटलं, पण त्यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाला उभा असलेला उमेदवार देशहित म्हणून माघार घेऊन बसला. याच्यामागे केक्कोनेनचा स्वतःचा किती हात होता यावर इथे अजूनही वाद घालतात, आणि मला तरी तो वाद रास्त वाटतो, कारण ख्रुश्चेव्हबरोबर सॉनात बसणारा हा माणूस साधा नव्हता. १९७३ मध्ये तर पार्लमेंटने निवडणूकच न घेता स्पेशल कायदा करून त्याची टर्म चार वर्षांनी वाढवली. मोठ्या शेजाऱ्याला ओळखीचा चेहरा लागतो, हे कारण. पेपरवाले सोव्हिएत युनियनबद्दल जपून लिहायचे, प्रकाशक जपून छापायचे. पश्चिम जर्मनीतले राजकारणी याला फिनलंडायझेशन म्हणून हिणवायचे आणि फिनिश लोकांना तो शब्द अजिबात आवडत नाही, बरोबर आहे, कारण हिणवणाऱ्यांच्या दारात अमेरिकेचं सैन्य उभं होतं आणि यांच्या दारात कोणी नव्हतं.

आणि आता ओतानिएमी.

त्या कॅम्पसमध्ये दिपोली नावाची एक इमारत आहे, पिएतिला दांपत्याने डिझाइन केलेली, तांबं, लाकूड आणि मोठाले दगड, एक सरळ भिंत सापडेल तर शपथ. आता ती युनिव्हर्सिटीची मुख्य इमारत आहे, आपल्याकडची पोरं तिथे लंच करतात. नोव्हेंबर १९७२ पासून पुढचे सहा-सात महिने तिथे युरोपातल्या जवळपास सगळ्या देशांचे, शिवाय अमेरिका आणि कॅनडाचे डिप्लोमॅट बसून एका परिषदेचा अजेंडा ठरवत होते. फक्त अजेंडा! युरोपच्या सुरक्षेवर परिषद हवी ही मागणी सोव्हिएत युनियनची जुनीच, कारण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सीमा सगळ्यांकडून एकदाच्या मान्य करून घ्यायच्या होत्या. केक्कोनेनच्या सरकारने १९६९ मध्ये आम्ही यजमान व्हायला तयार आहोत असं कळवलं. पण तीन वर्षं काही हललं नाही, कारण आधी मोठ्यांचं आपसात व्हायचं होतं. पश्चिम जर्मनीचा चान्सलर विली ब्रांट पूर्वेकडच्या देशांशी करार करत होता, १९७१ मध्ये चार सत्तांनी बर्लिनबद्दल समझोता केला, मे १९७२ मध्ये निक्सन मॉस्कोला जाऊन क्षेपणास्त्रांवरच्या करारावर सही करून आला. मग दिपोलीचं दार उघडलं.

(त्याच काळात आपल्याकडे काय झालं बघा. जुलै १९७१ मध्ये निक्सनचा सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊन आला, आणि ऑगस्टमध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने सोव्हिएत युनियनशी मैत्रीचा करार केला. तो करार घाटत आधीपासून होता, पण दोन मोठ्यांचं जमायला लागलंय हे दिसल्यावर तिसऱ्याने किती भराभर हालचाल केली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, दोघांच्या मैत्रीत तिसऱ्याचं काय होतं त्याला आपल्याकडे म्हण नाही.)

दिपोलीनंतर जिनिव्हात दोन वर्षं घासाघीस चालली. आणि इथे जे झालं ते मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. किसिंजरला या परिषदेत काडीचा रस नव्हता, त्याला शस्त्रांचं थेट मॉस्कोशी बोलायचं होतं. मॉस्कोला फक्त सीमांचं कलम हवं होतं. म्हणजे दोन्ही मोठे टेबलावर होते पण दोघांचंही अर्धं लक्ष दुसरीकडे, ना कडाक्याचं भांडण ना गळ्यात गळे. त्या फटीत पश्चिम युरोपातले मधले-लहान देश आणि फिनलंड, स्वीडन, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, युगोस्लाव्हिया असे तटस्थ यांनी आपापली कलमं घुसवली, माणसांना सीमेपलीकडच्या नातेवाइकांना भेटता यावं, माहितीची देवाणघेवाण, मानवी हक्क. निर्णय सर्वसंमतीने घ्यायचा नियम होता, म्हणजे एकाने जरी हात वर केला की काम बंद, आणि शेवटच्या आठवड्यांत माल्टाचे पंतप्रधान डॉम मिंटॉफ यांनी नेमकं तेच केलं, भूमध्य समुद्राबद्दल माझं वाक्य घाला नाहीतर मी होकार देत नाही. मॉस्कोचे ब्रेझनेव्ह, अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड, सगळे एका बेटासाठी थांबले. किती वेळा असं होतं हो जगात?

१ ऑगस्ट १९७५ ला आर्किटेक्ट आल्व्हार आल्टोच्या पांढऱ्याशुभ्र फिनलंडिया हॉलमध्ये हेलसिंकी करारावर ३५ देशांच्या सह्या झाल्या. बसायचा क्रम फ्रेंच नावांच्या अल्फाबेटने होता त्यामुळे दोन्ही जर्मनीचे नेते, श्मिट आणि होनेकर, शेजारी शेजारी आले आणि त्यांच्या बाजूला फोर्ड. अमेरिकेत फोर्डवर टीका झाली की पूर्व युरोप सोव्हिएतांना लिहून देऊन आला. मॉस्कोत आनंद, सगळा मसुदा प्रवदा या पक्षाच्या पेपरमध्ये छापला. आणि तिथेच घात झाला त्यांचा, कारण लोकांनी वाचला. १९७६ मध्ये युरी ऑर्लोव्ह या शास्त्रज्ञाने मॉस्कोत हेलसिंकी ग्रुप काढला, पुढच्या वर्षी प्रागमध्ये चार्टर ७७ हे नागरिकांचं निवेदन, दोघांचं म्हणणं एकच की तुम्हीच सही केलीय ना, मग पाळा. ऑर्लोव्हला तुरुंगात आणि मग सैबेरियात टाकलं तरी ते कलम काही कोणाला पुन्हा पुसता आलं नाही. त्याने सोव्हिएत युनियन कोसळलं असं मी म्हणणार नाही, तेलाचे भाव, अफगाणिस्तान, गोर्बाचेव्ह अशी मोठी कारणं होती, पण कागद अगदीच फुकट नसतो एवढं तरी.

पुढचं भराभर सांगतो कारण ते तुम्हाला माहीत असेल. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत अमेरिकेची पर्शिंग क्षेपणास्त्रं आली, मोठ्यांचं बिनसलेलं, लाखो लोक रस्त्यावर. १९८६ मध्ये रेक्याविकला रेगन-गोर्बाचेव्ह भेटले, पुढच्या वर्षी करार, आणि ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरची २,६९२ क्षेपणास्त्रं दोघांनी मोडून टाकली. १९९० मध्ये जर्मनी एक झाली. मग आलं असं दशक की जेव्हा रशिया इतका थकलेला होता की मोठा एकच उरला, आणि आपण सगळ्यांनी त्यालाच शांतता समजून घेतलं. १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेनने जगातला तिसऱ्या नंबरचा अण्वस्त्रसाठा सोडायचं कबूल केलं आणि बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटनने तुमच्या सीमांचा मान ठेवू असं लिहून दिलं. लिहून दिलं, पण मोडलं तर कोण काय करणार ते लिहिलं नाही. तेव्हा कोणाला त्याची गरज वाटली नाही, येल्त्सिन आणि क्लिंटन एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. नाटो पूर्वेकडे सरकत गेली, २००७ मध्ये पुतिन म्युनिकला येऊन चिडून बोलले, २००८ मध्ये बुखारेस्टला नाटोने युक्रेन आणि जॉर्जिया सदस्य होतील असं म्हटलं पण कधी आणि कसे ते सांगितलंच नाही, जे माझ्या मते सगळ्यात वाईट, म्हणजे शेजाऱ्याला डिवचायचं आणि ज्याच्यासाठी डिवचलं त्याला छप्परही द्यायचं नाही. ऑगस्टमध्ये जॉर्जियात युद्ध, २०१४ ला क्रिमिया. नाटो सरकली म्हणून युद्ध झालं असं सोपं गणित मांडणारे आपल्याकडे फार आहेत, मला ते पटत नाही, कारण पोलंड किंवा एस्टोनियाला कोणी नाटोत ओढून नेलं नव्हतं, त्यांनी १९३९ पाहिलेलं होतं म्हणून ते दार ठोठावत होते.

आता आमच्या बिल्डिंगबद्दल. खाली तळघरात जाड लोखंडी दरवाजाची एक खोली आहे, आत सायकली, जुने सोफे, स्की. ती बॉम्बपासून वाचायची खोली. इथे १,२०० चौरस मीटरच्या वरच्या रहिवासी बिल्डिंगला अशी खोली बांधावीच लागते आणि सांगितल्यावर ७२ तासांत रिकामी करून तयार ठेवावी लागते. देशात अशा पन्नास हजारांच्या वर आहेत, लोकसंख्या छप्पन लाख आणि जागा अठ्ठेचाळीस लाख लोकांची. इताकेस्कुस भागातला स्विमिंग पूल खडकाच्या पोटात आहे, पोरं तिथे पोहायला शिकतात, वेळ आली तर तोच निवारा. १९९१ नंतर सगळा युरोप लष्कर कमी करत होता, जर्मनीने सक्तीची भरती थांबवली, स्वीडननेही थांबवली होती, फिनलंडने नाही. निवारे बांधायचा कायदाही रद्द केला नाही. मोठ्यांचं इतकं छान चाललेलं असताना हे लोक असे का वागतात असं पूर्वी बाहेरच्यांना विचित्र वाटायचं. F-३५ जातीची ६४ विमानं घ्यायचा निर्णयही डिसेंबर २०२१ चा, रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला करायच्या आधीचा.

त्याच डिसेंबरमध्ये रशियाने दोन मसुदे पुढे केले, एक अमेरिकेसाठी, एक नाटोसाठी, नाटोने मे १९९७ च्या जागी मागे जावं आणि नवीन कोणाला घेऊ नये. म्हणजे फिनलंडने काय करायचं ते वॉशिंग्टन आणि मॉस्कोने ठरवायचं. मला वाटतं इथल्या लोकांचं मन फिरलं ते तिथे, रणगाडे निघायच्या आधी. वर्षानुवर्षं नाटोत जावं म्हणणारे वीस-पंचवीस टक्के असायचे, मे २०२२ मध्ये ७६ झाले, पार्लमेंटमध्ये १८८ विरुद्ध ८. ४ एप्रिल २०२३ ला झेंडा लागला आणि रशिया-नाटो सीमा एका दिवसात १,३४० किलोमीटरने वाढली. त्या वर्षाअखेर पूर्वेकडची प्रवाशांसाठीची सगळी नाकीही बंद झाली.

आणि मग २०२५. ३१ जुलैला त्याच फिनलंडिया हॉलमध्ये, नुकताच दुरुस्त होऊन उघडलेला, हेलसिंकी कराराच्या पन्नाशीचा कार्यक्रम झाला. भाषणं चांगली झाली. त्या परिषदेतून तयार झालेली संस्था सर्वसंमतीच्या नियमामुळे जवळजवळ ठप्प आहे, माल्टाने वापरला तोच नियम आता रशिया वापरतो. दोन आठवड्यांनी, १५ ऑगस्टला, अलास्कात ट्रम्प आणि पुतिन भेटले, युरोपच्या युद्धावर, आणि खोलीत युरोपातला दुसरा कोणी नव्हता, युक्रेनही नाही. तीन दिवसांनी झेलेन्स्कीबरोबर युरोपचे नेते वॉशिंग्टनला पळाले, त्यात फिनलंडचे अध्यक्ष स्टुब, आणि ते तिथे म्हणाले की आम्ही १९४४ मध्ये रशियाबरोबर मार्ग काढला होता, २०२५ मध्येही निघेल.

हे ऐकून मी ऑफिसमध्ये जरा तावातावाने बोललो. म्हटलं १९४४ चा मार्ग म्हणजे कारेलिया गेलं, पोर्क्काला लीजवर, तीस कोटींची भरपाई, हा काय मार्ग झाला, आणि हे बघा पुन्हा दोघे तिसऱ्याच्या नकाशावर बोलतायत, तुम्हाला राग कसा येत नाही. समोरचा सहकारी, ज्याची आजी वीपुरीची, म्हणजे जे शहर आता रशियात आहे तिथली, त्याने आधी कॉफी संपवली. मग म्हणाला, राग येऊन काय करू, स्वतंत्र राहिलो ना. आणि बोलावलं नव्हतं तरी तिसऱ्या दिवशी आमचा माणूस त्या टेबलावर होता, १९३९ ला तर आम्हाला अशी बैठक झाली हेच माहीत नव्हतं. एवढं बोलून तो मीटिंगला गेला, आणि मीटिंगमध्ये त्याने सांगितलं की पुढच्या आठवड्यात तो राखीव दलाच्या ट्रेनिंगला आहे, त्याचं ऑन-कॉल कोणीतरी घ्या.